थार सीआरडीईसाठी अर्धा हार्डटॉप: पुढे केबिन, मागे उघडा हौदा

कातळसडा

मंडळी, गेले बरेच दिवस डोक्यात असलेलं काम या पावसाळ्याआधी उरकायचं ठरवलंय. धागा त्यासाठीच.

गाडी २०१६ची महिंद्रा थार सीआरडीई (डिझेल), सॉफ्ट टॉप, म्हणजे कापडी टपाची. राहायला संगमेश्वर तालुक्यात. एप्रिल-मे आंब्याचे क्रेट, जूनमध्ये खताच्या गोणी आणि रोपं, उरलेलं वर्ष बागेतली ये-जा. बागेचा रस्ता म्हणजे जांभ्याचा सडा, दोन वहाळ आणि एक बऱ्यापैकी उभा चढ. कापडी टपाची शिवण उसवली आहे, खिडक्यांचं प्लास्टिक पिवळं पडून आरपार दिसत नाही, आणि पाऊस तिरका आला की ड्रायव्हरच्या उजव्या गुडघ्यावर धार लागते.

तयार पूर्ण हार्डटॉप मिळतात, ते पाहिले. पण मला मागचा भाग उघडाच हवा आहे. क्रेट वरून उतरवता-चढवता येतात, ओली माती किंवा शेणखत टाकलं तर पाणी मारून धुता येतं. म्हणून अर्धा टप: पुढच्या दोन सीटवर कडक छप्पर, रोल बारच्या (सीटमागची लोखंडी पाइपची कमान) मागे उभी भिंत, तिला काच, आणि त्यामागे मोकळा हौदा. गरज पडली तर हौद्यावर ताडपत्री.

अटी दोनच. बॉडीला कुठेही कापाकापी किंवा वेल्डिंग नाही. आणि दोन माणसांनी बोल्ट काढून टप उचलून बाजूला ठेवता आला पाहिजे.

पत्रा की फायबर? पुढच्या काचेच्या चौकटीवर सांधा कसा घ्यायचा? आणि कागदपत्रांचं काय? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सविस्तर लिहा.

---

घाटवेडा

विषय आवडला. वाचनखूण साठवली.

पत्रा की फायबर हा प्रश्न नंतरचा. आधी गाडी किती पिळते ते मोजा. चॅसिस वेगळी आणि तिच्यावर रबरी माउंटवर बसवलेली बॉडी, अशी ही रचना. उजवं पुढचं आणि डावं मागचं चाक एकदम वर गेलं की चॅसिस पिळते आणि तिच्यामागे बॉडीचा टबही (खालचा, वरून उघडा पत्र्याचा भाग) थोडा पिळतो. काचेची चौकट एका दिशेला झुकते, रोल बार दुसऱ्या. कापडी टपाला त्याचं काही वाटत नाही. कडक टप मात्र या दोघांना घट्ट बांधून ठेवायला जातो, आणि मग सर्वात अशक्त जागा तुटते. फायबर असेल तर कोपऱ्यात तडा, पत्रा असेल तर वेल्डच्या शेजारी चीर, आणि काच चौकटीत आवळून बसवली असेल तर काच.

मोजायची रीत सोपी आहे. गाडी सपाट जागेवर उभी करा. काचेच्या चौकटीचा वरचा उजवा कोपरा ते रोल बारचा वरचा डावा कोपरा, आणि उलट बाजूने तसंच, असे दोन्ही कर्ण टेपने मोजून लिहून ठेवा. मग एक पुढचं आणि तिरपं समोरचं मागचं चाक भक्कम दगडांवर चढवा आणि पुन्हा मोजा. दोन्ही कर्णांत जो फरक येईल तेवढी हालचाल तुमच्या टपाने पोटात घेतली पाहिजे.

माझं मत स्पष्ट आहे. एक बाजू पक्की, दुसरी तरंगती. मागची भिंत टबच्या कडेला पक्की बोल्ट करा. पुढचा ओठ काचेच्या चौकटीवर नुसता जाड रबरावर टेकू द्या आणि स्प्रिंगच्या किंवा रबरी टॉगल क्लॅम्पने (दांडी दाबून आवळायची पकड) खाली ओढून धरा. बोल्ट नको. आणि रोल बारला टप कुठेही बांधू नका. दोघांत वीस-पंचवीस मिमीची फट ठेवा, नाहीतर खडबडीत रस्त्यावर ठोके बसत राहतील.

रोल बार काढायचा विचारही नको. फायबरचा टप गाडी उलटली तर कुणाला वाचवत नाही. तो पाऊस अडवतो, एवढंच त्याचं काम.

---

सातारी_एमएम

आमच्याकडे वडिलांच्या वेळची महिंद्राची एमएम ५४० जीप आहे, तिला पत्र्याची अर्धी केबिन आहे. अठरा गेजचा (सुमारे १.२ मिमी जाड) सीआर पत्रा, आत पंचवीस बाय पंचवीसचा चौकोनी पाइप. मी पत्र्याच्याच बाजूने बोलणार.

फायबर फुटलं तर तुम्हाला फायबरवाला शोधावा लागतो. पत्र्याला चीर गेली तर कुठल्याही गावात वेल्डर आहे, अर्ध्या तासात काम होतं. गोणी टाकताना भिंतीवर आपटली तर पत्र्याला पोचा येतो, फायबरला तडा जातो. शेतीच्या गाडीला हे बघावं लागतं.

गंजाचं मात्र खरं आहे. पाइपच्या आतून गंजतं आणि बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पाइपची तोंडं बंद करण्याआधी आत प्रायमर ओतून फिरवा, आणि प्रत्येक आडव्या पाइपला तळाशी एक बारीक भोक ठेवा. साचलेलं पाणी बाहेर पडलं पाहिजे. पत्रा आणि पाइप जिथे चिकटतात त्या फटीत सीलंट भरा, रंगाच्या आधी. या फटीतूनच सुरुवात होते.

अॅल्युमिनियमचा कुणी सल्ला दिला तर ऐका, पण लोखंडी टबवर थेट टेकवू नका. दोन धातू आणि मध्ये कोकणची खारी दमट हवा, म्हणजे अॅल्युमिनियम पांढरी पावडर होऊन झडतं. मध्ये रबर हवंच.

---

मिरकरवाडा

नमस्कार. रत्नागिरीत मासेमारीच्या फायबर बोटींचं काम करतो. बोटींशिवाय टाक्या आणि टेम्पोचे टपही केले आहेत. संगमेश्वर म्हणजे आमच्या शेजारचंच, म्हणून जरा मोठं लिहितो.

आधी वजन बघा. तुमचं छप्पर, मागची भिंत आणि कडेचे तुकडे मिळून साधारण तीन चौरस मीटर होतील. १.२ मिमीचा पत्रा चौरस मीटरला सव्वानऊ-साडेनऊ किलो भरतो. म्हणजे नुसता पत्रा अठ्ठावीस किलो, वर पाइपचा सांगाडा बारा-पंधरा किलो. फायबरमध्ये ४५०ची मॅट (चौरस मीटरला ४५० ग्रॅमची काचतंतूंची चटई) घेतली तर एक थर रेझिनसकट (मॅट भिजवून कडक करणारा पातळ राळेसारखा द्रव) चौरस मीटरला दीड किलो आणि जाडी सुमारे एक मिमी. तीन थर, आतून फासळ्या आणि जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत रंगीत थर) धरला तरी पंचवीस किलोच्या आत काम बसतं. दोन माणसांनी उचलायचा असेल तर हा फरक हाताला कळतो.

सामान: मॅट चार किलोच्या आसपास. हाताने लावताना मॅटच्या सव्वादोन ते अडीचपट रेझिन लागतं, म्हणजे नऊ-दहा किलो. वाया जाणारं धरून बारा आणा. जेलकोट दोन किलो.

साचा. एकच टप करायचा आहे तर पूर्ण साचा बनवण्याचा खर्च करू नका. पातळ प्लायवर सनमायका चिकटवा, गुळगुळीत बाजू वर. छपरासाठी ती प्लाय खालून लाकडी फळ्यांवर वाकवा, म्हणजे मध्ये वीस-पंचवीस मिमीचा फुगवटा येईल. सपाट छप्पर कधीही करू नका. सपाट छपरावर पाणी साचतं, आणि ते गाडीच्या वेगात ढोलासारखं वाजतं. फुगवटा दिला की तीच जाडी कितीतरी ताठ होते. छपराची बाहेरची बाजू सनमायकाला लागणार, तेव्हा वाकवताना खोलगट भाग वर येईल असं वाकवा. नवखे इथेच गोंधळतात.

सनमायकाला मेण लावायचं, पुसायचं, पुन्हा लावायचं. घाई करू नका. त्यावर पीव्हीए (टप साच्यातून सुटावा म्हणून लावायचा पातळ थर), ते सुकलं की जेलकोट. जेलकोट बोटाला चिकट लागतो पण बोटाला रंग येत नाही, अशा वेळी पहिली मॅट टाकायची. पहिला थर लावताना रोलर सगळ्यात जास्त फिरवायचा, कारण त्यात राहिलेला बुडबुडा पुढे उन्हात फुटून भोक पडतं. कोपऱ्यात मॅट काटकोनात बसत नाही, तिथे हवा धरून राहते. प्रत्येक आतल्या कोपऱ्याला निदान दहा मिमीची गोलाई द्या.

फासळ्यांसाठी पीयू फोमच्या पट्ट्या घ्या. थर्माकोल चालणार नाही, पॉलिस्टर रेझिन लागताच तो विरघळून जातो. पट्टी चिकटवून तिच्यावर मॅटचे दोन थर, दोन्ही बाजूंना पन्नास मिमी पसरवून.

जिथे बोल्ट येणार तिथे थरांच्या मध्ये एसएसची (स्टेनलेस स्टील) पट्टी पुरायची. नुसत्या फायबरला भोक पाडून बोल्ट आवळला की वर्षभरात भोक मोठं होतं. साधं लोखंड पुरू नका, गंजून फुगतं आणि थर उकलतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रेझिन कडक व्हायला त्यात दोन रसायनं घालतात, कोबाल्ट आणि हार्डनर. ती कधीही एकमेकांत थेट मिसळायची नाहीत. भडका उडतो, स्फोटही होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळून घ्यायचा, आणि हार्डनर लावायच्या वेळी, थोड्या थोड्या रेझिनमध्ये. दोघांच्या बाटल्या वेगवेगळ्या खोलीत ठेवा, मापंही वेगळी. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा लावल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. मे महिन्यात आमच्याकडे हार्डनर एक टक्का पुरतो, दोन टक्के घातलात तर डबा हातातच तापेल.

आणि पाऊस सुरू झाल्यावर काम काढू नका. दमट हवेत वरचा थर चिकट राहतो. काम मेच्या मध्यापर्यंत संपवा.

---

कातळसडा

मिरकरवाडा, शतशः आभार. हे कुठे वाचायला मिळालं नसतं.

घाटवेडा, तुम्ही सांगितलं तसं मोजलं. घराच्या गडग्याचे दगड वापरले. कर्णात एका बाजूला पाच-सहा मिमी वाढ, दुसऱ्या बाजूला तेवढीच घट. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, टेपवर स्पष्ट दिसलं. त्यामुळे पुढची बाजू तरंगती हे नक्की.

सातारी_एमएम, तुमचा गोणी आपटण्याचा मुद्दा पटला. भिंतीच्या मागच्या बाजूला, हौद्याकडून, खालच्या अर्ध्या भागात अॅल्युमिनियमची चौकड्यांची शीट लावणार आहे, मध्ये रबर देऊन. बाकी टप फायबरचा.

---

ओहायोतला

मूळचा सांगलीचा, सध्या टोलेडोजवळ. इथेच जीप बनायची आणि अजूनही बनते, त्यामुळे जुन्या गाड्या रस्त्यावर आणि मेळाव्यांत दिसतात.

तुम्हाला हवी आहे तशी गाडी कंपनीने स्वतः केली होती. सीजे-८ स्क्रॅम्बलर, १९८१ ते १९८६. पुढे काढता येणारी अर्धी केबिन, मागे उघडा हौदा. महिंद्राची जीप विलिस सीजे-३बीच्या घराण्यातली, म्हणजे ही तुमच्या गाडीची चुलत बहीणच.

तिच्याकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. स्क्रॅम्बलरचा व्हीलबेस थारपेक्षा सुमारे वीस सेंटिमीटर लांब, म्हणून तिथे केबिन आणि हौदा दोन्हींना जागा मिळाली. थारचा व्हीलबेस २४३० मिमी. भिंत दोन इंच मागे सरकली तर क्रेटची एक रांग जाईल, दोन इंच पुढे आली तर सीट मागे झुकणार नाही. भिंतीची जागा कागदावर ठरवू नका. सीटवर तुमच्यातला सर्वात उंच माणूस बसवा, मागे खरे क्रेट मांडा, आणि मधल्या जागेत पुठ्ठा उभा करून बघा.

दुसरं, जुन्या अर्ध्या केबिनमध्ये सगळे एकाच गोष्टीने वैतागतात: धूळ. गाडी चालताना केबिनच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि मागची धूळ, धूर तिथे ओढला जातो. भिंतीच्या तळाशी बोटभर फट राहिली तरी तो सगळा केबिनमध्ये येतो. तळाचा सांधा छपराच्या सांध्याइतकाच गंभीरपणे घ्या.

---

रानजाई

वाचतेय. चंद्रपूरला जिप्सी आहे, हार्डटॉप. इकडे मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा मी उन्हाबद्दलच बोलणार.

रंग पांढरा. काळा टप फोटोत कितीही छान दिसला तरी नको. आतून दहा मिमीचा बंद पेशींचा (पाणी आत न शिरणारा) फोम चिकटवा, स्पंज नव्हे, स्पंज पाणी पितो. फोममुळे पावसाचा आवाजही कमी होतो. आणि अर्ध्या केबिनचा खरा फायदा कुणी लिहिला नाही: हवा थंड करायची जागाच कमी होते. एसीला मागचा रिकामा भाग थंड करत बसावं लागत नाही.

काचेबद्दल एक विनंती. मागच्या काचेच्या खालच्या कडेची उंची ठरवताना आरशात बघा. क्रेटची थप्पी लागल्यावर मागचं काहीच दिसत नसेल तर बाहेरचे आरसे मोठे घ्या, काच मोठी करून उपयोग नाही.

---

कलम_बावन्न

मी वकिली करतो, मोटार अपघाताची प्रकरणं जास्त. आनंदावर विरजण घालायला आलेलो नाही, पण हे लिहिल्याशिवाय धागा अपुरा राहील.

मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२: गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ, उपकलम ४ नुसार बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

आता तुमच्या प्रकरणात. प्रमाणपत्रावर बॉडीचा प्रकार आणि आसनसंख्या काय लिहिली आहे ते आधी वाचा. बोल्टने बसणारा, कापाकापी न करता काढता येणारा टप आणि बॉडी कापून कायमची बसवलेली केबिन यांत फरक आहे, असं मी न्यायालयात नक्की मांडेन. पण रस्त्यात अडवणारा अधिकारी ते मान्य करेलच, असं नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत लेखी अर्ज द्या, चित्र जोडून, आणि पोचपावती घ्या. तोंडी "चालेल हो" याला काही अर्थ नाही.

मागचे बाक काढणार असाल तर आसनसंख्येचा प्रश्न वेगळा उभा राहतो. अर्जात तोही लिहा. टप बसवल्यावर हौद्यात माणसं बसवायची नाहीत, लग्नाची वरात असली तरी.

विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर दावा अडतो तो नेमका न कळवलेल्या बदलावरून.

काच सुरक्षा काचच हवी. मागच्या काचेतून सत्तर टक्के आणि बाजूच्या काचांतून पन्नास टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, केंद्रीय नियम १००. अॅक्रिलिकचा तुकडा लावून वेळ मारून नेऊ नका.

मूळ कापडी टप आणि त्याच्या कमानी विकू नका. गाडी पूर्वस्थितीत आणता येते हे दाखवणं हाच तुमचा सर्वात भक्कम पुरावा.

---

घाटवेडा

कलम_बावन्न यांना +१. आमच्या ग्रुपमध्ये हा विषय निघाला की लोक चिडतात, पण हे वाचूनच निर्णय घ्यायला हवा.

---

कातळसडा

अर्ज दिला, पोच घेतली, उत्तर आल्यावरच काम काढलं. विमा कंपनीलाही कळवलं. आता टप गाडीवर आहे. मिरकरवाडांनी स्वतः दोनदा येऊन बघितलं, त्यांच्या हाताखालच्या मुलांनी लॅमिनेशन (फायबरचे थर चढवणं) केलं, सुतारकाम आणि बसवणी माझी.

सगळा वेळ आणि विचार गेला तो पाण्यावर. आकार नंतर आला. पाणी कुठून येईल, कुठे थांबेल आणि कुठून बाहेर पडेल हे आधी काढलं आणि त्याभोवती टप बेतला.

पुढचा सांधा. टपाचा ओठ काचेच्या चौकटीच्या पुढे येऊन खाली वळतो. आत डी-रबर (डी आकाराची पोकळ रबरी पट्टी), तेही दोन ओळींत. पहिली ओळ वाऱ्याने येणारं पाणी अडवते. तिथून जे घुसेल ते दोन रबरांच्या मधल्या पन्हळीत पडतं आणि पन्हळ दोन्ही टोकांना बाहेर उघडते, दाराच्या पुढच्या कडेला. दुसऱ्या ओळीपर्यंत पाणी जोराने पोचतच नाही. क्लॅम्प आवळल्यावर डी-रबर एक तृतीयांश दबलं पाहिजे असं ठेवलं. पूर्ण दाबून टाकलं तर गाडी पिळल्यावर उघडणाऱ्या बाजूला भरून काढायला काही उरत नाही.

दारांच्या वरची कडा. माझ्या गाडीच्या खिडक्या कापडी, त्या सध्या तशाच ठेवल्या. टपाच्या कडेला बाहेरून पन्हळ दिली आहे, पुढून मागे उतार देऊन. दार उघडलं की छपराचं पाणी मांडीवर पडत नाही, ते मागे हौद्याकडे जातं.

हौदा. हे मला सर्वांत कळीचं वाटतं. मागे उघडा हौदा म्हणजे पावसात तिथे पाणी येणारच. घाट उतरताना किंवा ब्रेक मारल्यावर ते सगळं पुढे धावतं, थेट भिंतीच्या पायावर. टबच्या तळाचे मूळचे रबरी बूच काढून तिथे जाळी बसवली. भिंतीच्या पायाला पंचाहत्तर मिमी उंच उंबरा दिला, भिंतीशी एकसंध, आणि त्याखाली जाड बंद पेशींचं रबर. उंबऱ्याच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत पाणी बाहेर जायला वाट आहे. ओहायोतला, धुळीचाही बंदोबस्त यातच झाला.

चाचणी. सुकलेल्या रबरावर खडूची पूड लावली, टप बसवला, क्लॅम्प आवळले आणि पुन्हा उघडला. चौकटीवर पांढरी रेघ अखंड उमटली पाहिजे. डाव्या कोपऱ्यात चार बोटं रेघ नव्हती. तिथे रबराखाली दोन मिमीची पट्टी दिली, पुन्हा पूड, पुन्हा रेघ. मग आतून सगळीकडे वर्तमानपत्र चिकटवलं आणि बागेच्या पंपाने समोरून, वरून आणि खालून वर असं पाणी मारलं. खालून वर मारणं विसरू नका, वाऱ्याचा पाऊस तसाच येतो. कागद कोरडा राहिला. पुढे तिरपी दोन चाकं दगडांवर चढवून तेच पुन्हा. एका जागी कागद ओला झाला, उजव्या क्लॅम्पजवळ. क्लॅम्प एक इंच बाहेर सरकवला, थांबलं.

काच. टफन्ड काच (तापवून कडक केलेली सुरक्षा काच) एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. म्हणून टप पूर्ण बसवून, गाडी पिळून बघून, मगच प्लायचा नमुना काढला आणि काचवाल्याला दिला. चारही बाजूंना रबराची जागा सोडून. कोपरे गोल.

वजन तराजूवर केलं नाही, पण मी आणि भाऊ टप सहज उचलून पडवीत ठेवतो.

---

सातारी_एमएम

उंबरा जबरदस्त. आमच्या एमएममध्ये घाट उतरताना पायाखाली पाणी येतं त्याचं कारण आज कळलं. येत्या महिन्यात वेल्डरकडून तेवढं करून घेतो.

मला अजूनही फायबरच्या कोपऱ्यांची काळजी वाटते. एक पावसाळा आणि एक आंब्याचा हंगाम काढल्यावर कोपऱ्यांचे फोटो नक्की टाका.

---

मिरकरवाडा

काळजी बरोबर आहे. तडा आधी जेलकोटमध्ये दिसतो, केसासारखी रेघ. नखाला लागली नाही तर नुसता जेलकोट, घासून पुन्हा लावायचा. नखाला लागली तर आतून बघा. आतल्या बाजूला पांढरट डाग असेल तर थर सुटलेत, तिथे घासून दोन नवे थर चढवावे लागतील. दर पावसाळ्यानंतर चारही कोपरे आणि बोल्टच्या जागा अशा तपासा. दुरुस्ती लवकर केली तर मूठभर मॅटमध्ये भागते.

---

रानजाई

दोन प्रश्न. खिडक्या कापडीच ठेवणार की सरकत्या काचा करणार? आणि ताडपत्री भिंतीला कशी अडकवली?

---

कातळसडा

रानजाई, सरकत्या काचा करायच्या आहेत, पण त्या दारावर बसतील, टपावर नाही. टप पिळतो, दार वेगळं हलतं. दोघांच्या मध्ये फक्त रबर ठेवायचं. त्यासाठी दाराच्या चौकटीचं माप घेऊन ठेवलंय, दिवाळीनंतर बघू. आणि तोही बदलच, तेव्हा आधी पुन्हा अर्ज.

ताडपत्रीसाठी भिंतीवर काचेच्या वर एक आडवी पट्टी आहे, ट्रकला असतात तशा आकड्यांची. पट्टीच्या वर पन्हळीचा ओठ येतो, म्हणजे छपराचं पाणी ताडपत्रीच्या वर पडतं, तिच्या आणि भिंतीच्या मध्ये नाही. मागे हौद्याच्या फाळक्यापर्यंत उतार राहावा म्हणून मध्ये दोन कमानी, मूळच्या कापडी टपाच्याच. त्या विकल्या नाहीत ते असंही कामाला आलं.

सातारी_एमएम, कोपऱ्यांचे फोटो हंगाम संपल्यावर याच धाग्यावर टाकतो. मापांचं चित्र कुणाला हवं असेल तर विचारपूस करा, पाठवतो. फक्त आपापल्या गाडीचे कर्ण मोजून घ्या, माझी मापं तशीच्या तशी उचलू नका.